वारेवरचे पांढरे ठिपके

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. तुमच्याकडून खाल्लेली बोलणी मात्र लगेच आठवतात. नर्सिंग संपवून मी चिंचवडच्या त्या दोन खोल्यांच्या प्रसूतिगृहात नुकतीच रुजू झाले होते. तुम्ही तिथल्या मुख्य सिस्टर. पहिल्याच आठवड्यात एका बाळंतपणानंतर मी वार न बघताच पुरायला पाठवली. तुम्ही आयाला फाटकातून परत बोलावलंत, वार तबकात पसरलीत आणि मला म्हणालात, "हा कचरा नाही. नऊ महिने त्या बाळाचं जेवण, श्वास सगळं हिच्यातून गेलंय. हिचे आभार मानायचे नसतील तर मानू नका, पण बघितल्याशिवाय टाकायची नाही." मला राग आला होता. बाळ रडलं, आई शुद्धीवर आहे, आता या मांसाच्या गोळ्यात काय बघायचं, असं वाटलं होतं.

त्याच वर्षी वाकडची ती सून आली. वाकड तेव्हा नुसती शेतं नि चार आळ्या. बैलगाडीतून यायला अर्धा दिवस मोडायचा. सातव्या महिन्यात तिला देवी आल्या होत्या. लहानपणी एकदा टोचलेलं होतं म्हणून ती त्यातून निभावली, पण खपल्या धरल्या तेव्हा पोटातली हालचाल थांबली. तुम्ही तिला मागच्या पडवीत वेगळं ठेवलंत, आपण दोघींनी पुन्हा देवी टोचून घेतल्या आणि बाकी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाहीत. तिचा नवरा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला लागला होता. फाटकाबाहेर उभा राहून तो म्हणाला, "बाई, आमच्या कारखान्यातलं इंजेक्शन द्या की. मी सायबांना सांगून आणतो. त्यानं मरणारी मानसं उठत्यात." तुम्ही त्याला झिडकारलं नाहीत. "ते औषध मोठ्या जंतूंवर चालतं, भाऊ," तुम्ही म्हणालात. "देवीचा त्याहून फार बारीक असतो. त्याच्यावर अजून औषध नाही. असतं तर मी स्वतः चालत येऊन मागितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोकळी झाली. मूल मृत होतं, मुलगा. त्याच्या अंगावर तेच फोड होते. तुम्ही त्याला पांढऱ्या पंच्यात गुंडाळलंत, आईने मागितला तेव्हा तिला दाखवलात, आणि ती रडत होती तोवर तिच्या पाठीवरचा हात काढला नाहीत. सासू पायरीवर बसली होती. तिच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. तिने आत न बघताच सुरू केलं, "देवी घरात असताना हिनं फोडणी टाकली. म्या सांगितलं व्हतं, नगं. आईचा कोप झाला नि माझा नातू खाल्ला हिनं. आता हिला माहेरी धाडायची. पोराला दुसरी बघितलीया." आत ती सूनही म्हणत होती, "खरंय, टाकली व्हती मी फोडणी." मला वाटलं, आता तुम्ही सासूला झापणार. मी त्याची वाटच बघत होते.

तुम्ही वार धुतलीत, तबकात पसरलीत आणि पडवीच्या उजेडात घेऊन आलात. सासूला एकदा देवी येऊन गेलेल्या, तिला धोका नव्हता, म्हणून फक्त तिलाच जवळ बोलावलंत. मला ते चित्र अजून दिसतं. तुम्ही तिच्याशेजारी उकिडव्या बसता, हातमोज्यातलं बोट वारेवरून फिरवता. "आजी, तुम्ही गाई-म्हशींची वार कितीदा तरी बघितलीय. निरोगी वार एकसारखी लाल असते ना? आता ही बघा." गडद लालीत ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरट ठिपके. "रोग आईच्या रक्तातून इथवर आला. इथं त्यानं घर केलं, ही जागा मारली, आणि मग बाळाकडं गेला. फोडणीचा धूर इथं पोचत नाही, आजी." म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी हिचा दोस न्हाई?" तुम्ही म्हणालात, "नाही. तुमचाही नाही." तुम्ही ते दुसरं वाक्य का बोललात, हे मला फार उशिरा कळलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा नातवासाठी रडली.

आठवड्यातून दोनदा पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला वारेचा तुकडा दाखवलात. ते वैतागले. "सिस्टर, तुमचं काम बाळंतपण करणं. शोध लावणं नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "शोध नाही, साहेब. जे दिसलं ते तपासायला पाठवतेय." मग सुट्टीच्या दिवशी बरणी घट्ट बांधून तुम्ही स्वतः पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलीत. दोन महिन्यांनी टंकलिखित उत्तर आलं: देवीच्या फोडात त्वचेच्या पेशींत जी खूण दिसते, तीच या वारेच्या पेशींत दिसली. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. माफी काही मागितली नाही, पण पुढे प्रत्येक वेळी दारातूनच विचारू लागले, "बाई, वार बघितलीत?"

ती सून माहेरी गेली नाही. दीड-दोन वर्षांनी तीच बैलगाडी आली आणि त्या दुपारी तिला मुलगी झाली, जन्मताच ओरडणारी. मी बाळ घेऊन बाहेर आले तर सासू माझ्या पलीकडे बघत होती. "पोरगी मागनं बघते," ती म्हणाली. "आदी मला ती वार दावा." तुम्ही हसलात, तबक आणलंत. म्हातारीने ती नीट निरखली, वाकून, डोळे बारीक करून. "साफ हाय," असं तिने जाहीर केलं आणि मगच नातीला घेतलं.

पुढे मी शिकत गेले आणि नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागले. वारेचा बाहेरचा थर म्हणजे असंख्य पेशी एकमेकींत मिसळून झालेली एकच चादर असते. पेशी-पेशींमध्ये भिंती नाहीत, म्हणजे सांधेच नाहीत, त्यामुळे विषाणूला शिरायला फट सापडत नाही. बहुतेक विषाणू तिथूनच परत फिरतात. पण काही आईच्या पांढऱ्या पेशींत बसून येतात, काही गर्भाशयात रुजलेल्या वारेच्या मुळांकडच्या पेशींतून वाट काढतात, काहींना पेशीवर चिकटायला नेमकी जागा मिळते. आत शिरले की त्याच पेशीला आपल्या प्रती काढायच्या कामाला जुंपतात. हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मला कळतं की तुम्ही चांगला उजेड आणि एक तबक एवढ्यावर किती पुढे गेला होतात. आणि हेही कळतं की तुम्ही ते एका सुनेचा संसार वाचवायला वापरलंत, नाव मिळवायला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एक सांगते. वाकडची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगते. परवा एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, ते ठिपके आधी तुमच्या लक्षात आले का?" सगळा वर्ग माझ्याकडे कौतुकाने बघत होता. बाई, मी हो म्हणाले.