पेंग्विन आणि पांढऱ्या साड्या

२ मार्च
कापूस सगळा वाया! रितिकाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी जगाच्या नकाशावर पेंग्विन चिकटवले आणि मी हौसेनं प्रत्येकाखाली बर्फ म्हणून कापूस लावला. तिनं येऊन अर्ध्याहून जास्त ओरबाडून काढला. आफ्रिकेतले म्हणे समुद्रकाठी बिळं करून अंडी घालतात. ऑस्ट्रेलियातले बुटकेही बिळातच. गालापागोसचे तर विषुववृत्तापाशी, लाव्हाच्या कपारीत! मला काय ठाऊक?

आधी चिडले. मग वाटलं, निदान चार वाक्यं तरी बोलली. अश्वजितच्या पहिल्या बायकोची ही मुलगी. आई गेली तेव्हा चांगली कळती होती. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं, पण मला आई नाही, काकी नाही, काहीच म्हणत नाही. ‘ऐका ना’ — एवढंच.

६ मार्च
सासूबाईंची एक शेळी मेली, करडू मागं राहिलं. दुसरी शेळी त्याला जवळ येऊ देत नाही. सासूबाईंनी तिचंच दूध काढून करडाच्या पाठीला चोळलं. आपला वास आला की पाजते म्हणे. “घाई नाय करायची गो,” म्हणाल्या. ते बहुधा मलाच होतं.

९ मार्च
करडाला अजून लाथाच. शेवटी बाटली आणली.

१२ मार्च
आज रितिका आपणहून माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन लिहीत बसली. राजा पेंग्विन दक्षिणेकडच्या थंड बेटांवर असतात, हजारोंच्या गर्दीत. घरटं नसतंच. आईबाप समुद्रातून मासे घेऊन आले की हाक देतात, पिल्लू आवाज ओळखून ओ देतं. दुसऱ्याच्या पिल्लाला सहसा कोणी भरवत नाही.

मी विचारून गेले — ज्याची आई परत येत नाही, त्याचं काय? जीभ हासडायला हवी माझी! ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.
“एकटा बाप पुरत नाही,” म्हणाली. “उपाशी राहतं ते.”
भात बघायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

२० मार्च
आज सत्याग्रह दिन म्हणून महाडला चवदार तळ्यावर गेलो होतो. मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी, आणि तिच्यात रितिकाचा हात सुटला. बायका सगळ्या पांढऱ्या साडीत. मीही! तिनं ओळखायचं तरी कशावरून? अश्वजित तळ्याकडे धावला, मी पुस्तकांच्या स्टॉलकडे. घसा बसेपर्यंत ओरडले. तेवढ्यात मागून माझंच नाव — “वैशाली! ए वैशाली!” तीच! घट्ट धरून ठेवली.

दासगावला घरी आल्यावर सासूबाईंनी तिला झापलं — आयशीला असं नावानं हाक मारतात का? खरं सांगायचं तर मलाही लागलं. वर्षभरानं हाक मारली, तीही शेजारणीला मारावी तशी.

२१ मार्च
वेणी घालताना विचारलंच. वळूनसुद्धा न बघता म्हणाली, “आई म्हणून ओरडले असते तर सगळ्याच वळल्या असत्या. माझी कशी सापडणार?”