नुसतं लोटलेलं दार

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न.

तुला आठवतं? एका रविवारी तू मधल्याच्या खोलीची आतली कडी काढलीस आणि मी शेजारी स्क्रू ओंजळीत धरून उभी होते. बाबांनी सांगितलंय, एवढंच तू म्हणालास. मला वाटलं, कडी बिघडली असेल. सिस्टरांच्या शाळेतली मी, सांगितलं ते खरं मानायची.

काल त्याच्या कवितासंग्रहाला तू लिहिलेली प्रस्तावना वाचली. चहा तसाच गार झाला. मधला जाऊन वर्ष झालं नाही तोच तू त्याला एक वाग्दत्त वधू चिकटवलीस. बिचारीला जन्म दिलास आणि पुढच्याच ओळीत तापाने मारलीसही! त्याचं प्रेम छापखान्यातल्या मास्तरांवर होतं, हे तुला माहीत नव्हतं? कविताही तो त्यांच्याकडूनच शिकला. अर्पणपत्रिकेतून मास्तर गायब, त्यांच्यावरच्या एकोणीस कविता गायब. उरलं काय, डोंगर आणि चांदणं?

कागदपत्रं त्याने माझ्या नावे ठेवली आहेत. हा संग्रह असा छापायला मी संमतीची सही करणार नाही. वहिनीच्या गुडघ्याचं कळव.

लोभ आहे, पण सध्या रागाच्या मागे उभा आहे.

तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुडघ्याची सूज उतरली, तुझा पारा तेवढा चढलेला दिसतो. पेन्सिल हरवली तरी घर डोक्यावर घेणारी तू! नातीचं लग्न ठरतंय. लोकांना कविता नको असते, चघळायला काहीतरी हवं असतं. मी मधल्याची अब्रू राखतोय.

आणि त्याचा तो पट्टशिष्य, चष्म्याच्या दुकानातला कवी? त्याचा संग्रह पाहिलास? ‘दार नुसतं लोटलंय’ ही मधल्याची ओळ त्याने जशीच्या तशी ढापली आहे. वकिलाची नोटीस धाडतोय. वह्या त्याच्या हाती पडू देऊ नकोस, सही करून सगळं इकडे पाठव.

आशीर्वाद आहेतच, थोडं ऐकत जा.

दादा

२४ जून

ती. दादास,
नमस्कार.

चोर धरायचाच तर आणखी मागे जा. ती ओळ मधल्याचीही नाही. त्याच्या खणात मास्तरांची चिठ्ठी सापडली, छापखान्याच्या रद्दी कागदावर पेन्सिलीने लिहिलेली: ‘बाजारात जाऊन येतो. दार नुसतं लोटलंय. आत बस.’ पाळत ठेवायला ज्याची कडी आपण काढली, त्याच्यासाठी कुणीतरी दार लोटून ठेवत होतं, दादा.

मधल्याने त्यावर कविता केली. चष्मेवाला पहिल्यांदा वही घेऊन आला, तेव्हा ती त्याला वाचून दाखवली आणि म्हणाला, आता पुढचं तू लिही. मी समोरच मटार सोलत होते. चष्मेवाला आज जोडीदाराबरोबर उजळ माथ्याने राहतो. त्याच्या कवितेत तेच दार सताड उघडं आहे. बाबांचं नाक तुझ्या नातीला आलं, ती चोरी का?

नोटीस काढलीस तर चिठ्ठी घेऊन साक्षीला मी उभी राहीन. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

वाटणी अशी. वह्या आणि चिठ्ठी चष्मेवाल्याला. एकोणीस कविता आणि मास्तरांचं नाव यांसकट संग्रह तोच काढेल, तसं लिहून दिलंय. मधल्याचं शाईचं पेन नातीला, लग्नाची भेट. तिचे चुलत आजोबा कोण होते, ते तिला तू सांगायचंस.

खणात ती कडीही होती, स्क्रूंसकट. इतकी वर्षं जपलेली. सोबतच्या पुडीत ती तुला.

चारही स्क्रू मी ठेवते. धरले मीच होते.

धाकटी