भुवनाचा जाड कागद

शनिवार, १२ एप्रिल २०२५

गेली! पत्रिका भुवनाकडे गेली!

चंद्रमती वन्सं सकाळीच आल्या. लेकीच्या, हरिप्रियाच्या, लग्नाच्या पत्रिकेचं बोलायला. मी शहाणी, त्यांनी विषय काढायच्या आधीच चष्मा पुसून बसलेली. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या या गल्ल्यांत आपल्या माणसांकडे बारसं असो, मुंज असो, मराठी पान छापायचं तर कमलाक्षीकडे — हे ठरलेलं. देवनागरी लिहिता येतं कुणाला इथे? घरात सगळे मराठी बोलतात आणि तमिळमध्ये लिहितात. मी शाळेत हिंदी शिकवायची म्हणून मला येतं. (ही रोजनिशीसुद्धा त्यामुळेच टेबलावर उघडी टाकता येते.)

वन्सं म्हणाल्या, "प्रेसमध्ये छापायच्या पत्रिका वेगळ्या आहेत. जवळच्या माणसांसाठी शंभर पत्रिका घरीच छापू. मजकूर तूच टाइप कर गे. छापू दे भुवना. तिच्या नव्या प्रिंटरमध्ये जाड कागद जातो म्हणे."

म्हणे! भुवना म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोन घरं सोडून राहते. प्रिंटर आणून महिना नाही झाला आणि लागल्या सगळ्या तिच्या मागे.

कॉफी दिली. हसून दिली. पेल्याखालचा डबरा जरा आपटला असेल.

सोमवार, १४ एप्रिल

तमिळ नवं वर्ष. जेवण भुवनाकडे. कडुनिंबाच्या फुलांची पचडी नुसती कडूजहर, तरी सगळे वा वा करत होते. जेवणं झाल्यावर प्रिंटरचं दर्शन! देवाचंसुद्धा एवढ्या भक्तीने घेत नाहीत.

त्याला मागे फट आहे. कागद मागून उभा घालायचा, तो सरळ पुढे येतो. कुठे वळत नाही. माझ्या प्रिंटरमध्ये कागद खालच्या ट्रेमधून निघतो, पोटात गिरकी घेतो आणि मग बाहेर येतो. जाड कागद गिरकी घेईल कसा? हे मला कळतं. कळून काय उपयोग, जळायचं ते जळतंच.

कागद पुदुच्चेरीहून मागवलेला, हातकागद, डोशाएवढा जाड. भुवनाने कॉम्प्युटरवर "जाड कागद" निवडलं, एकेक पान हाताने सोडलं. नमुना म्हणून काहीतरी जुनंच छापलं. कुंकवाच्या रंगातली अक्षरं, कोपऱ्यांत मोर. सुंदर होतं. मेलं खरंच सुंदर होतं!

हरिप्रिया तिच्या गळ्यात पडली. "भुवना मामी, सूपर!" या पोरीला मी मांडीवर बसवून बाराखडी शिकवली. आणि गळ्यात पडते भुवनाच्या.

बुधवार, १६ एप्रिल

नवऱ्याला, म्हणजे सुरेंद्रना, भाजीला पिटाळलं आणि माझ्या प्रिंटरमध्ये जाड कागद घालून बघितला. हो, बघितला! भुवनाकडून दोन-तीन कोरे उचलून आणले होते.

पहिला आत शिरलाच नाही. दुसरा लाटण्याभोवती गुंडाळून ठेवला, म्हटलं वळायची सवय होऊ दे. शिरला, अर्ध्यात अडकला, ओढला तर अर्धा हातात आणि अर्धा त्याच्या पोटात. तिसऱ्याला इस्त्री केली. तो बाहेर आला, पण अंगभर चाकांचे व्रण घेऊन.

सुरेंद्र आले ते स्वयंपाकघरातच गेले. "मिक्सरमध्ये काय घातलंस? रस्त्यावर आवाज येतोय." नवरा असावा तर असा. दुपारभर चिमट्याने तुकडे उपसत बसले.

गुरुवार, १७ एप्रिल

प्रिंटर अजून कण्हतोय.

सोमवार, २१ एप्रिल

मजकूर पाठवला. चोख पाठवला. त्यात मी लबाडी करणार नाही, हरिप्रियाची पत्रिका आहे.

लगेच भुवनाचा फोन. "अक्का, काय अक्षरं लावलीत! मला वाचता येत नाहीत, तरी बघतच बसले." गोड बोलणं! माणसाने एवढं गोड बोलू नये. समोरच्याला रागवायला जागाच ठेवत नाही ती.

शुक्रवार, २५ एप्रिल

पत्रिकेचं पहिलं पान बघायला बोलावलं होतं. एक पान मागून घरी आणलं. ओट्याशेजारी ठेवून सांबार करता करता बघत होते — म्हणजे डोळे वटारत होते. मध्येच ओल्या हळदीच्या हाताने उचललं.

मोर विरघळला! थोड्या वेळाने बघते तर हळद लागली तिथून ओल कागदात आत आत चढलेली. कुंकवाचा रंग पसरला, "हरिप्रिया"मधली "हरि" गेली. रंगीत शाई पाण्याला टिकत नाही. काळी टिकते म्हणतात, पण लग्नाची पत्रिका काळ्यात कोण छापेल?

आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्या सवाष्णी बसून काय करणार? प्रत्येक पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट! आपल्याकडे त्याशिवाय पत्रिका घराबाहेर पडत नाही. प्रेसच्या पत्रिकांना त्याने काही होत नाही. हिच्या पत्रिकांचं काय होईल?

एक वाक्य पुरे. "भुवना, हळद कोरडी लावू या." फोन हातात घेतला.

ठेवला.

शनिवार, २६ एप्रिल

नाही सांगितलं.

मंगळवार, २९ एप्रिल

भुवना स्कूटरवरून जाता जाता थांबली. डोळे तांबडे, बोटांना शाई. "अक्का, झाल्या सगळ्या! मागची बाजूसुद्धा. एकेक पान सोडायचं म्हणजे — अय्यो, पाठ गेली!"

माझं तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणते, "हरिप्रिया म्हणतेय, मुहूर्ताला मी तिच्या बाजूला उभं राहायचं."

आणि मी कुठे उभं राहायचं? जेवणाच्या हॉलमध्ये? पानं वाढायला?

"सरी, ठीक, बरं झालं," म्हटलं आणि घरी आले.

गुरुवार, १ मे

सुरेंद्रना सांगून टाकलं. म्हणाले, "मग सांग ना तिला."

"तुम्ही सांगा."

"शाईतलं मला काय कळतं?" आणि पेपर डोळ्यांसमोर. अख्खं घराणं असंच!

उद्या सकाळी लवकर जाऊन सांगेन. बघू.

शुक्रवार, २ मे

वन्संकडे लवकर गेले होते. अंगणात कोलमची मोठी रांगोळी, दारात हरिप्रिया. "भुवना मामीने बघा ना काय केलंय!" हे पहिलंच वाक्य. माझं वाक्य अंगणातच टाकून मी आत गेले.

राहुकाळ साडेदहाला. त्याआधी उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई. वन्संनी वाटी माझ्याच हातात दिली, "कमलाक्षी, हळद कालव गे." माझ्याच हातात! पाणी घातलं नसतं तरी चाललं असतं. घट्ट ठेवली असती तरी चाललं असतं. मी पाणी घातलं. जरा जास्तच.

बायका भराभर बोटं लावत होत्या, ओल्या पत्रिका एकीवर एक रचत होत्या. लगेच काही दिसलं नाही. मग आरती, मग केसरी शिरा, मग कॉफी. कॉफीनंतर हरिप्रियाने गठ्ठा उचलला तर पत्रिका एकमेकींना चिकटलेल्या. सोडवल्या तर मोरांचे नुसते डाग. अक्षरं ओघळून एकमेकांत गेलेली. स्वतःचं नाव शोधत होती पोर. रडली नाही. गठ्ठा मांडीवर घेऊन खाली बसली फक्त.

वन्सं भुवनावर तुटून पडल्या. "घरी छापायची हौस! तंजावुरात प्रेस बंद पडले होते का? अपशकुन करून ठेवलास!"

भुवना म्हणाली, "चूक माझी, वन्सं." एवढंच.

तिला कुणीतरी बोलावं म्हणून इतके दिवस जीव टाकत होते. बोलल्या तेव्हा मला तिथे बसवेना. काल केलेला भात दुपारी तसाच खाल्ला. हात अजून पिवळे आहेत.

शनिवार, ३ मे

सुरेंद्र म्हणाले, "सांगायचं होतंस." मी म्हटलं, "तुम्हीही." 

रविवार, ४ मे

हरिप्रिया आली होती. हळद लावायची राहिलेली एक पत्रिका घेऊन. "मामी, मागची बाजू बघितलीत?"

कुठे बघितली होती! पुढचंच बघून जळत बसले. मागे, अगदी खाली, तमिळमध्ये बारीक छापलंय — अक्षरं आणि छपाई : कमलाक्षी अक्का. भुवनाचं नाव कुठेच नाही.

"तिनेच ठरवलं होतं. आम्हाला म्हणाली, अक्कांना आधी सांगू नका," पोर म्हणाली. "काल माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आईला फोन केला. त्यांना बिघडलेल्या पत्रिकांचे फोटो गेले होते. विचारत होत्या, ही कमलाक्षी कोण, तिला एवढं साधं कळत नाही? भुवना मामीने आईच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, ते नाव चुकून पडलंय, छापलं सगळं मीच."

पत्रिका माझ्यापाशी ठेवून ती गेली. भुवनाचं घर दोन घरं सोडून आहे. अजून गेले नाही.