मक्याचा उपास

६ जानेवारी १९९१

रविवार, तरी शरयू लॅबमध्ये! पुढच्या महिन्यात काम तपासायला दिल्लीची कमिटी येणार ना. मीच स्कूटरवर सोडून आलो. येताना इथल्याच गोरखपूर बाजारातून वाटाणे घेतले आणि सोलत बसलो. रिटायर नवऱ्याची हीच ड्यूटी.

तिची मंडळी आज पुन्हा पाहिली. काचेच्या बशीत मक्याच्या पेशींचे गोळे, पिवळट, रव्याचा लाडू फुटावा तसे. कोवळ्या दाण्यातला कोंब काढून खुराकावर ठेवला की त्याचा असा गोळा होतो म्हणे. मग खुराकात तणनाशक मिसळायचं. बहुतेक गोळे काळे पडतात. जगतील ते उचलायचे, पुढच्या बशीत औषध थोडं वाढवायचं. तेच परत, तेच परत. कितीतरी वर्षं ही बाई एवढंच करते आहे! अशा गोळ्यातून रोप काढलं, की शेतात औषध फवारा — गवत मरेल, मका उभा राहील.

मी फॅक्टरीत तोफांच्या भागांना गेज लावून पास-नापास करत आयुष्य काढलं. तिथे माल बोलत नव्हता, पण निदान मोजता तरी येत होता. हिचा माल रोज वाढतो, रोज मरतो, आणि तरी हिला कंटाळा नाही. मला या बाईचं अजून नवल वाटतं. तोंडावर सांगत नाही, शेफारेल.

११ जानेवारी

आज एकादशी. आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

माझं ताट भरलेलं होतं. साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा शिरा, बटाट्याचा कीस, दही. शरयू उपास करत नाही, ती वरणभात जेवत होती. माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी! याले उपास म्हणून राहिले तुम्ही?"

मी म्हटलं, "अन्न खाल्लं नाही ना? मग झाला उपास."

ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि हात थांबला. मला वाटलं घास अडकला. पाणी दिलं. घेईना.

"अहो," म्हणाली, "ते उपास करूनच नाही राहिले."

कोण? तर मक्याचे गोळे! मग तिने समजावलं. हे तणनाशक म्हणजे जहाल विष नाही. झाडाला जगायला तीन जिन्नस लागतात, ते झाड स्वतःच आपल्या आत रांधतं. औषध ती चूल बंद करतं. झाड उपाशी मरतं. आणि आमच्या खुराकात? पहिल्यापासून दुधातलं केसीन घालतात, कारण त्यावर मका छान वाढतो. त्या केसीनमध्ये ते तिन्ही जिन्नस आयते!

"चूल बंद असून ते जगले, असं मी समजून राहिली. ते तर बाहेरून फराळ करून राहिले!"

मी म्हटलं, तुला हे आधी माहीत नव्हतं?

"दोन्ही गोष्टी माहीत होत्या हो. एकीजवळ दुसरी ठेवून कधी पाहिलीच नाही."

ताट तसंच टाकून उठली. माझाही शिरा राहिला. खरंच राहिला.

१२ जानेवारी

अंजनीला सांगितलं. अंजनी म्हणजे तिच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. याच गोळ्यांवर तिचा थीसिस, पाच प्रकरणं टाइप होऊन पडली आहेत. वडील रेल्वेत, मराठी घर, पण पोरगी रडायला लागली की हिंदीतच रडते. "मॅडम, कमिटी को क्या पता चलेगा? रोप तर निघूनच राहिले ना! नंतर बघू ना!"

शरयू म्हणाली, "आपल्याला पता चललं ना बाई. झालं."

आता सगळे गोळे केसीन नसलेल्या खुराकावर, औषधासकट. म्हणजे खरा निर्जळी उपास. जो जगेल तो खरा. कोणीच जगला नाही तर हिची सगळी वर्षं पाण्यात, अंजनीचा थीसिस पाण्यात. आणि हिची रिटायरमेंट एप्रिलअखेर. दुसरा डाव मांडायला वेळ नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दरवर्षी अंजनी तिळगूळ घ्यायला पहिली हजर असते. आज आली नाही. शरयूने तिची वाटी भरून झाकून ठेवली.

३ फेब्रुवारी

गोळे काळे पडायला लागले. रोज थोडे. शरयू रोज बशा उजेडाकडे धरून बघते आणि मेलेले बाजूला काढते. घरी येऊन मटार-पोहे करते, शेजारच्या बेबीताईंशी कुंपणावरून गप्पा मारते. मी असतो तर अंथरूण धरलं असतं.

बेबीताईंनी मला गाठलं. "काहून हो अण्णा, वहिनी वाळून राहिल्या. शुगर-बिगर तर नाही?" काय सांगू? म्हटलं, मक्याची काळजी. त्या म्हणाल्या, "अरे बाप्पा! मग शेत घेतलं काय तुम्ही?"

२५ फेब्रुवारी

कमिटी येऊन गेली. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर. खिडकी उघडी होती, ऐकू येत होतं. ऐकत होतो, लाज कशाची!

कमिटीच्या मोठ्या साहेबांनी आधी कौतुक केलं. असं काम आपल्या इकडे फार थोड्या ठिकाणी होतं वगैरे. पैसे आणखी तीन वर्षं मिळणार हे त्यांच्या आवाजातच होतं. शरयूने फक्त मान डोलावली असती तरी भागलं असतं! आणि ही उभी राहिली. पहिल्या बशा दाखवल्या, मग नव्या दाखवल्या. काळ्या. म्हणाली, "हमने सहनशीलता नहीं चुनी थी। हमने भूखे को खाना खिलाया और समझा कि वह भूख सह रहा है।"

मग साहेब: "मैडम, आप अपने ही ख़िलाफ़ गवाही दे रही हैं।"

"जी. और कौन देगा?"

फॅक्टरीत स्वतःच पास केलेला माल, ‘माझं चुकलं, परत आणा’ म्हणून किती जणांनी परत मागवला? मी एकही पाहिला नाही.

घरी येताना स्कूटरवर ती पाठीला टेकून बसली. तेवढंच.

९ मार्च

पत्र आलं. प्रोजेक्ट बंद. सामान यादीप्रमाणे जमा करावं.

अंजनीही आली होती, पण भांडायला. "मॅडम, आपने मेरा थीसिस मार डाला." शरयूने ऐकून घेतलं. मी मध्ये पडणार होतो, तिने डोळ्यांनीच बसवलं. पोरगी गेल्यावर म्हणाली, "खरंच तर बोलून राहिली ती."

मला राग आला. पोरीचा, कमिटीचा, आणि हिचाही! एवढं चांगलं कशाला असावं माणसाने?

१७ मार्च

एका बशीत एक गोळा पिवळा आहे!

बाकी सगळे कोळसा, आणि मध्ये हा एवढासा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. शरयूने तीनदा खुराक तपासला, चुकून केसीन पडलं की काय म्हणून. नाही. मी पेढे आणायला निघालो. "बसा," म्हणाली. "एक जगला म्हणजे चूकही असू शकते. नुसती औषधाची सवय झाली असेल. सवय रोपाबरोबर जाते. पुढच्या पिढीत उतरलं तरच खरं."

बरं बाई. पेढे रद्द.

१८ मार्च

अंजनी परत आली. आल्या आल्या एप्रन घातला आणि कामाला लागली. शरयूने दुपारी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. असं मला जमलं नसतं, मी आधी चार शब्द ऐकवले असते.

३० एप्रिल

निरोप समारंभ. हार, शाल, भेडाघाटच्या संगमरवराचा गणपती. भाषणांत सगळे तिच्या शिस्तीबद्दल बोलले. बंद प्रोजेक्टचं कोणी नाव काढलं नाही, मेलेल्या माणसासारखं.

गोळ्याला कोंब फुटला आहे. अंजनीचा थीसिस होईपर्यंत लॅबचा एक कोपरा आणि काचघराची एक फळी तिच्याकडे राहणार. शरयू उद्यापासून बिनपगारी!

२१ मे

आज पारा फार चढला आणि वीज गेली. लॅबचा एसी बंद. बाटलीतलं रोप उकडून मरेल म्हणून दोघींनी बर्फाची लादी आणवली, टबात ठेवली, वर पंखा म्हणून मी! वर्तमानपत्राने वारा घालत होतो. एवढा वारा लग्नात हिच्या मामांनाही घातला नव्हता.

वीज आली तेव्हा शरयू मला म्हणाली, "तुम्ही होते म्हणून." पस्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा! तारीख लक्षात ठेवायला हवी.

२८ जुलै

रोप कुंडीत. जेमतेम गुडघ्याएवढं, वाकडं, पानं आखूड. मी विचारलं, औषध फवारून बघायचं ना आता? दोघी माझ्या अंगावर धावल्या. हे एकच आहे. याच्यावर काही फवारायचं नाही. याला बी धरू दे, परीक्षा बीची.

१९ सप्टेंबर

कणसाला केसर आलं, पण तुरा वांझ, पराग नाही. बाटलीतून आलेल्या रोपांचं असं होतं म्हणे. मग शेजारच्या साध्या मक्याचा पराग कागदी पिशवीत झाडून अंजनीने तो केसरावर शिंपला. शरयू लांब उभी. "तुझ्या हाताने कर. थीसिस तुझा."

बाप साधा, आई उपासाची. बघू.

१५ नोव्हेंबर

कणीस निघालं. अर्धवट भरलेलं, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. वीसेक दाणे असतील. शरयूने ते ओंजळीत घेतले आणि डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

८ डिसेंबर

दाणे पेरले होते ते उगवले, बहुतेक सगळे. आज अंजनीने औषध फवारलं. तिच्या आत्याकडे कार्य आहे, म्हणून संध्याकाळच्या गाडीने ती कटनीला गेली. निकाल दोन आठवड्यांनी. शरयूने काल वरणात मीठ दोनदा घातलं. मी मुकाट जेवलो.

२२ डिसेंबर

सकाळी म्हणाली, "माझ्यानं नाही होत. तुम्ही जाऊन मोजून या." कमिटीपुढे उभी राहिलेली बाई, आणि आज पायरी उतरवेना!

गेलो. दोनदा मोजलं. बाहेर पायरीवर बसून राहिलो. फॅक्टरीत निम्मा माल नापास झाला की अख्खा लॉट परत. हे हिला कसं सांगू?

घरी येऊन म्हटलं, "बरीच गेली गं."

"बरीच म्हणजे? सगळी?"

"निम्मी. दहा मेली. नऊ हिरवी आहेत, पण —"

ती मटकन खाली बसली. मी पाणी आणायला धावलो, तर ही हसते आहे! रडते आहे आणि हसते आहे. "अहो, निम्मीच मरायला पाहिजे होती! बाप साधा, आईत हा गुण जोडीतल्या एकाच बाजूला. म्हणजे निम्म्या लेकरांत उतरणार, निम्म्यांत नाही. सवय असती तर सगळी मेली असती. औषधच कच्चं असतं तर सगळी जगली असती. हे रक्तातलं आहे हो!"

"मग आधी नाही का सांगायचं? माझा जीव गेला असता!"

"सांगितलं असतं तर तुम्ही निम्मीच मोजून आणली असती. माझ्यासाठी."

खरं आहे. आणली असती.

अंजनीला फोन करायला एसटीडी बूथकडे निघालो, तर फाटकातून हाक: "थांबा! आधी एकदा परत मोजून या."

गेलो.