एर्सिलियाताईचा बुध

१४ ऑक्टोबर, सोमवार
संकल्प: दुर्बिणीचा फोकसर बदलायचा. चाक फिरवलं की नळी पुढंमागं व्हावी आणि चित्र स्पष्ट दिसावं, एवढंच त्याचं काम. माझी नळी कुरकुरते, डुलते आणि भाऊजींनी वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तारेवर जगते आहे. भाऊजी गेले, तार राहिली. या देशात काहीही मोडलं की लोक आधी तार शोधतात. मी त्यातला नाही. ताफी व्हिएहोच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो मी.

११ नोव्हेंबरला बुध सूर्यावरून जाणार आहे. थोरल्या बहिणीला, एर्सिलियाताईला, तो दाखवायचाच. तिची नजर नाताळपर्यंत टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले. पुढचा योग तेरा वर्षांनी. दुर्बीण तिनंच घेऊन दिली होती, मास्तरीण असताना.

२६ ऑक्टोबर, शनिवार
नवा फोकसर आला! काळा, जड, दोन चाकांचा. एक भरभर, एक हळूहळू. सोबतचा कागद इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही, यंत्रं येतात.

उघडून पाहिला. आत दातेच नाहीत. नुसता एक पोलादी दांडा नळीला दाबून धरतो. कोरडा. लोखंडाला लोखंड. अंगावर काटा आला.

एलेउतेरिओ येऊन गेला. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि तो आमच्या खगोल मंडळाचा सचिव आहे. मंडळात आम्ही दोघंच, अध्यक्ष मी. म्हणाला, हा घासण्यावरच चालतो, ग्रीस तेवढं लावू नकोस बाबा, हात जोडतो. मी म्हटलं, तू गोळ्या वीक.

२७ ऑक्टोबर, रविवार
ग्रीस लावलं. बोटभर. काय मऊ चालतो! वर्कशॉपात मला उगाच सेबो म्हणत नव्हते. नाव एउसेबिओ, त्याचं सेबो. सेबो म्हणजे चरबी, वंगण. मी ती बढतीच समजायचो. ताईला मात्र हे नाव कधीच आवडलं नाही, ती पूर्ण नावानं हाक मारते.

३ नोव्हेंबर, रविवार
दुर्बिणीची भोकं आणि फोकसरची भोकं जुळत नाहीत. नवीन तीन पाडली. एक चुकलं. चौथं पाडलं.
संकल्प: यापुढं आधी मोजायचं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
जुना फोकसर तारेसकट भंगारवाल्याला दिला. मन हलकं झालं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुर्बीण आकाशाकडं वळवली की नळी आपोआप खाली घसरते. एलेउतेरिओनं बघितलं. नुसता माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, पीत बसला. त्याचं ते पिणं फार झोंबतं. ग्रीस कमी पडलं असावं. आणखी लावलं.

१० नोव्हेंबर, रविवार
आणखी घसरते. भंगारवाल्याकडं गेलो. माल काल गेला म्हणे.
संध्याकाळी तार बांधली. तात्पुरती. आणि ही तांब्याची आहे, भाऊजींची साधी होती.

११ नोव्हेंबर, सोमवार
९.३५ — दुर्बिणीच्या तोंडाला सूर्य बघायची काळी काच बसवली. बुध लागला असणार. तार आवळतोय.

१०.५० — अंगणात नऊ माणसं. ताईनं पांढरा ब्लाउज घातलाय, कानांत मोती. खिम्याच्या करंज्या, बारा एम्पानादा, संपल्या. बुध नाही. शेजारची म्हणते, सेबो, उद्या यावं का?

११.२० — दिसला!! सूर्याची कडा जरा पुसट, पण मधोमध काळा ठिपका, अगदी ठसठशीत. ताईनं डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, दिसला रे एउसेबिओ. आता डोळे गेले तरी माझी तक्रार नाही. मी लिंबाच्या झाडामागं जाऊन रडून आलो.

एलेउतेरिओ म्हणाला, ठिपका जरा मोठाच वाटतो, आणि कडा पुसट असताना तो एवढा लख्ख कसा? मत्सर, दुसरं काय.

१५.०४ — बुध सूर्याबाहेर पडायची वेळ.

१५.३० — अजून आतच.

१६.१५ — अजून. वेळापत्रक चुकलेलं दिसतं. एकतीस वर्षांत मी एक गाडी वेळेवर सुटलेली पाहिली नाही, तिथं बुधाचं काय! वेधशाळेला पत्र लिहायला घेतलं. भाषा सौम्य ठेवली आहे.

१८.४० — सूर्य डोंगराआड. बुध शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
८.१० — ठिपका आहे! आता हा बुध नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे नवा ग्रह. नाव ठरलं: एर्सिलिया. कालचं पत्र फाडून नवीन लिहिलं. ताईला अजून सांगितलेलं नाही, जेवताना सांगेन.

१३.०० — ताई ठिपका दाखवायला अम्पारोला घेऊन आली. अम्पारो निवृत्त नर्स, काल तिला जमलं नव्हतं. मी म्हटलं, आधी बघा, मग एक बातमी देतो. ती डोळा लावणार एवढ्यात तार सुटली, नळी घसरली आणि डोळ्याकडचं भिंग तिच्या हातात आलं. शी, किती घाण ठेवलंय, असं म्हणून तिनं ते रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसलं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत.

भिंग परत बसवलं. सूर्य कोरा होता.

ग्रह अम्पारोच्या रुमालावर होता. ताईनं रुमाल मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला, तिला काही दिसेना. मग नाकाजवळ नेला, हुंगला आणि म्हणाली, सेबो.

मला हाक मारली की रुमालाबद्दल बोलली, हे विचारायचा धीर झाला नाही.