सदतिसावी जोडी

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! एक पिशवी, एक छत्री आणि ही वही. ताईनं दारातच, आलीस का भटकभवानी, म्हणून गालगुच्चा घेतला आणि लगेच भिंत धरली. सातवा महिना आहे. रक्तदाब चढतो म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पडून राहणं ताईला जन्मात जमलेलं नाही. मला छान जमतं, पण मला कोण विचारतं.

तिसरा मजला, दोन खोल्या. समोरच्या गच्चीवर एकजण उलट्या खुर्चीचा पाय ठोकत होता, तेच अर्धा तास बघत बसले. हां, मुद्दा राहिला. दाजी मालवाहू जहाजावर असतात. रोज दुपारी तीनला बोलतात, पण घर खोलगट भागात, मोबाइलला रेंज नाही. सगळी भिस्त टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटवर, आणि ते दोन मिनिटांत तुटतं. ताई म्हणते, तुझे दाजी आज ‘जे’ म्हणतात, ‘वलीस का’ उद्या ऐकू येतं. पोट धरून हसलो.

उद्यापासून मी त्याच तारांच्या दुरुस्तीच्या कामावर. तीन वर्षांतली सहावी नोकरी. एक ना धड भाराभर चिंध्या, इति ताई. पण बाळ येईपर्यंत तरी टिकायचं.

मंगळवार, ४

वरिष्ठांना सगळे पक्कडकाका म्हणतात. पकडीनं कान खाजवतात. त्यांची शिकवण सोपी: आधी मोडेमचा दिवा बघ. हिरवा स्थिर तर ठीक, लुकलुकला तर लाइन नाही. मग घरातले सगळे फोन काढ, फक्त मोडेम जोड. तरी लुकलुकला तर दोष बाहेर, रस्त्यावरच्या पेटीत.

एका शिंप्याकडे गेलो. त्याची लाइन दर शिलाईला तुटायची. वायर मशीनच्या पायाखाली! काकांनी नुसता पाय उचलला. शिंपी म्हणाला, एवढं तर मीही केलं असतं. काका म्हणाले, मग केलं का नाही?

पेटीत तांब्याच्या तारांच्या पन्नास जोड्या, घरागणिक एक. एखादी गंजली की घर रिकाम्या जोडीवर हलवायचं आणि एक्स्चेंजला फोन करून तिचं पलीकडचं टोक जोडून घ्यायचं. सदतिसाव्या जोडीची टोकं वाकवून दोऱ्यानं बांधली होती. काका म्हणाले, अख्ख्या पेटीत हिच्याइतकी स्वच्छ जोडी नाही, आणि ही कुणाला द्यायची नाही. का, तर पलीकडे ती कुठंच जात नाही. मी पुढं विचारलं, तर म्हणाले, तोंड कमी, हात जास्त.

गुरुवार, ६

ताईच्या लाइनीवर सगळं करून पाहिलं. फिल्टर बदलला, सॉकेट बदललं, मोडेम बदलला, खांबापर्यंतची वायर नवी ओढली. आठ मिनिटं टिकली. दाजी काहीतरी विचारत होते आणि तुटलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी रक्तदाब इतका चढला की डॉक्टर घरी आले. म्हणाले, हिला रडू देऊ नका, दोघांच्या जिवाशी खेळ आहे.

शुक्रवार, ७

काका रजेवर. दोरा सोडला. ताईला सदतिसाव्या जोडीवर घेतलं.

एक्स्चेंजला फोन करून पलीकडचं टोक जोडून घेणार होते. त्याआधीच घरचा दिवा हिरवा झाला होता. वाटलं, कुणीतरी तत्पर माणूस बसलाय तिकडे. कोण आहे ते मी विचारलंच नाही.

ताई चाळीस मिनिटं बोलली. जिवात जीव आला.

सोमवार, १०

एकदाही तुटलेलं नाही. ताई दोन-दोन तास बोलते, जेवतेही मोडेमशेजारी. चित्र येत नाही, नुसता दाजींचा आवाज, पण शेजारी बसल्यासारखा. रक्तदाब उतरला. दाजी माझीही चौकशी करतात म्हणे. तिला सांग, ये बोलायला.

दाजी मला एवढं कधी विचारत नसत.

बुधवार, १२

काका आले. पेटी उघडली आणि तिथंच फूटपाथवर खाली बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मला घरी घेऊन गेले. काकू सॉकेटच्या समोर स्टुलावर. श्वास चालू, डोळे उघडे. काका त्यांची हनुवटी पुसत सांगत होते. पाच वर्षांपूर्वी याच जोडीवर काकू रोज आईशी बोलायच्या. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काकांना वाटलं, बोलून मन हलकं होतंय तर होऊ दे. मग काकूंचं इकडचं बोलणं कमी होत गेलं. मग संपलं. सगळं तिकडे गेलं, म्हणाले.

मी म्हटलं, आमचे दाजी जिवंत आहेत.

गुरुवार, १३

दाजींचा फोन ऑफिसात आला. बंदरावरून, घरी लागेना म्हणून. जहाजावरचं यंत्र बंद पडलंय, सहा दिवस घरी एकही फोन करता आला नाही. ताई बरी आहे ना, रागावली तर नाही ना?

मी धावत घरी गेले. जिन्यातच ताईचं हसू ऐकू आलं. ती दाजींशी बोलत होती.

शुक्रवार, १४

तोडली. दोन्ही टोकं पकडीनं कापली. मोडेम उपटून कचऱ्यात टाकला. ताई बोलतेच आहे. सॉकेटकडे तोंड करून. मध्ये थांबते, ऐकते, मान हलवते.

तिला रिक्षात घालून ऑफिसात नेलं, खरे दाजी जोडून दिले. ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, कोण गं हा माणूस? रडतोय बघ.

शनिवार, १५

आता नुसते ओठ हलतात. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम. रक्तदाब उत्तम.

मी तिला चिमटे काढले. शिव्या दिल्या. मला भटकभवानी म्हण म्हटलं. एकदा म्हण.

रविवार, १६

ओठ थांबले.

बाळ लाथा मारतंय. हात ठेवून बसलेय. अजून इकडे आहे ते. अजून —

सोमवार, १७

दुपारपासून लाथ नाही. डॉक्टर येतायत. काका ताईपाशी बसलेत.

मी पेटीपाशी आलेय. काका नको म्हणाले. पण ती जर तिकडे असेल, तर हाक मारून तरी — परत ये म्हणून —

लाइन तपासायचा टेस्टफोन लावला. कापलेल्या टोकांना. वही गुडघ्यावर.

ताई आहे. स्पष्ट. हसतेय. आणि मागे — बाळ रडतंय. तान्हं. ताई त्याला थोपटतेय, उगी उगी, बघ कोण आलंय, मावशी आलीय —

मला विचारतेय, आलीस ना गं?

मी ओरडले, ताई, परत ये. जोरात ओरडले. घसा दुखला. शेजारून एक बाई गेली, तिनं वळूनही पाहिलं नाही. परत ओरडले. माझा आवाज फोनमधून आला. फक्त फोनमधून. इकडे माझ्या तोंडून काहीच —

ताई म्हणतेय, ये, बस. आता निवांत —

हात अजून इकडे आहे. हात लिह