पात्याचं पाणी

९ फेब्रुवारी

"लाभार्थी आहात की बिगर-लाभार्थी?" दारात उभं राहून हा पहिला प्रश्न! नमस्कार नाही, चमत्कार नाही.

म्हटलं, बाई, मी कात्र्या करतो.

मूल्यमापनाला आल्यात म्हणे. सरकारने आमच्या गल्लीतल्या कात्रीवाल्यांचा समूह केला, सगळ्यांसाठी एक सामाईक केंद्र बांधून दिलं. विजेची भट्टी, तपासणीचं यंत्र, वर गोदाम. त्याचा उपयोग झाला की पैसा वाया गेला, ते या बघणार. ज्यांनी फायदा घेतला त्यांना विचारून झालंय. आता ज्यांनी घेतला नाही त्यांची पाळी. म्हणजे माझी. या गल्लीत दुसरं आहे कोण?

हातातल्या कागदावर रकानेच रकाने. "पाणी कुठलं?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "पाणी माझं स्वतःचं. त्यासाठी कुणाच्या दारात जात नाही." त्यांनी लिहिलं — स्वतःची विहीर! चहा ठेवताना हिनं ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

मग सगळं समजावून सांगावं लागलं. पोलादाचं पातं लाल तापवायचं, तेलात बुडवायचं. मग मंद आचेवर धरायचं, गवती पिवळा रंग चढेपर्यंत. चढला की तिथेच थांबायचं. जरा पुढे गेलं की तपकिरी, मग जांभळं, मग ते पातं लोणीसुद्धा कापणार नाही. अलीकडे राहिलं तर काचेसारखा तुकडा पडतो. याला पाणी देणं म्हणतात. केंद्राच्या पाटीवर 'उष्णता प्रक्रिया' लिहिलंय ते हेच.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, मागच्या गल्लीत मी अकरा विहिरी लिहिल्यात!"

स्वतःला हसणारं माणूस आहे. बरं वाटलं. तरी बिगर-लाभार्थी म्हणाल्या ते विसरणार नाही. बिगर! जणू माझ्यात काहीतरी कमी आहे.

१० फेब्रुवारी

केंद्रात गेलो नाही, जाणार नाही. बस्स.

१४ फेब्रुवारी

बाई पुन्हा आल्या. "सभासद का झाला नाहीत?" खरं तेच सांगितलं.

उद्घाटनाचा दिवस. केंद्र कात्रीवाल्यांचं. फीत कापायची कात्रीनं. आणि कात्री कुठली? बाजारातून आणलेली, परक्या कारखान्यातली, मुठीला लाल प्लास्टिक! आणली कुणी, तर आमच्या अध्यक्षांनी. तेव्हापासून मी त्याला फीतकापे म्हणतो. मी भर गर्दीत विचारलं, "का हो, आपल्यातल्या एकाचीही मिळाली नाही?" तर म्हणतो, "कार्यक्रम आहे, चालतं हो."

चालतं! ज्याला चालतं त्याच्या भट्टीत माझं पातं जाणार नाही. तिथून तसाच घरी आलो.

बाईंनी सगळं उतरवून घेतलं. मी विचारलं, याला कुठला रकाना? म्हणाल्या, "इतर."

मग कामाचे टप्पे विचारले. पातं घडवतो मी, छाप मारतो मी, पाणी देतो मी. मग ही गठ्ठा धारवाल्याकडे नेते, धार लावून परत आणते. जोडणी पुन्हा माझी, स्क्रू किती आवळायचा ते दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. शिकलात कुठे? शाळा वगैरे काही नाही. मोडीतल्या कात्र्या उघडून उघडून शिकलो. एकेक पातं मोडून आतला दाणा बघायचा, बारीक असेल तर समजायचं की पाणी देणारा शहाणा होता. असे शेकडो शहाणे मला भेटलेत, तोंड एकाचंही पाहिलं नाही.

जाताना त्यांनी एक सांगितलं ते मला आवडलं. म्हणाल्या, "केंद्रामुळे काय झालं हे सगळेच सांगतात. मला शोधायचंय, केंद्र नसतं तर काय झालं असतं." 

म्हटलं, मग इकडेतिकडे कशाला हिंडता? केंद्र नसलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय. बघून घ्या.

१९ फेब्रुवारी

धाकटा आला होता. माझा भाऊ. केंद्राची भट्टी तोच चालवतो. सांडशी धरायला मी शिकवलं, आणि आता बटणं दाबतो.

"दादा, बाई परत आल्या तर जरा बेतानं बोल."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नाही रे. बेतानं."

त्याचं म्हणणं असं: बाहेर राहिलेले बाकीचे, मागच्या गल्लीतले, सगळे हलका माल करतात, त्यांची तुलना होत नाही. सभासदांच्या तोडीचा माल करणारा बाहेरचा माणूस एकटा मी. माझा माल केंद्राशिवाय त्यांच्याइतकाच चांगला ठरला, तर वरचे म्हणणार, मग भट्टी हवी कशाला? पुढच्या टप्प्याचा निधी बंद. विजेचं बिल समूहाला झेपणार नाही, भट्टी थंड. आणि गल्लीतल्यांनी तर आपापल्या भट्ट्या केव्हाच मोडून टाकल्यात.

"त्यांना मोडायला मी सांगितलं होतं?"

"माझंही काम जाईल, दादा."

मी म्हणालो, तुझी भट्टी एवढी चांगली असेल तर तिनंच तुझं काम राखावं. माझ्या तोंडाकडे कशाला बघतोस?

तो उठला. आत जाऊन हिच्याशी बराच वेळ कुजबुजला आणि गेला. वहिनी म्हणजे याची वकील!

२ मार्च

आजचा दिवस माझा!

बाईंना मीच म्हटलं होतं, तोंडी कशाला, तपासून घ्या. त्यांनी स्वतः माझ्या फळीवरून दहा पाती निवडली. वेगवेगळ्या महिन्यांची, धार लावून आलेली. मला हातही लावू दिला नाही. माझी काय हरकत? निघालो केंद्रात. पहिल्यांदा पाऊल टाकलं. फरशी स्वच्छ आहे, ते मान्य. भट्टी म्हणजे पांढरं कपाट. आत काय चाललंय दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. असल्या कपाटासमोर उभं राहून माणसाला काय कळणार!

तपासणीचं यंत्र धाकट्याच्याच हाताखाली. हिऱ्याचं टोक पात्यावर दाबतं आणि काटा कडकपणाचा आकडा दाखवतो. फीतकापे आला होता, पितळी मुठींच्या कात्र्या करणारा मुठवाला आला होता, दारात भली मोठी गर्दी. सभासदांच्या मालाचा आकडा आधी फळ्यावर लिहिला होता: छप्पन ते अठ्ठावन्न.

"सत्तावन्न," धाकटा म्हणाला.

"पुढचं."

"सत्तावन्न."

पुन्हा सत्तावन्न. एक साडेसत्तावन्न. शेवटी शेवटी त्याचा आवाज इतका खाली गेला की बाईंना "काय?" म्हणून विचारावं लागलं. दहाच्या दहा!

बाईंनी दहाही आकडे पुन्हा वाचले. "निरनिराळ्या महिन्यांची पाती, आणि फरक अर्ध्याचा? हातानं?"

"हातानं!" दोन्ही हात वर करून दाखवले सगळ्यांना.

त्या म्हणाल्या, एका माणसावरून मी निष्कर्ष काढत नाही, पण वर बसलेल्यांना असं एक उदाहरण पुरतं. लिहावं तर लागेलच. बारा तारखेला सभेत वाचून दाखवणार आहेत.

लिहा ना! ठळक लिहा!

दारातली गर्दी मात्र मुकाट्यानं पांगली. एकानंही शाबास म्हटलं नाही. जळतात.

४ मार्च

फीतकापे घरी! सभासदत्व देतो म्हणाला, मागच्या तारखेनं. म्हणजे माझी पाती आपोआप केंद्राची होतील! काय डोकं आहे! त्याला दारापर्यंत पोचवून आलो, पुढे तो चालत गेला की पळत ते पाहिलं नाही.

संध्याकाळी मुठवाला भेटला. हा भांडत नाही, म्हणून याचं जास्त लागतं. म्हणाला, "तुमचा हात आहे, मानलं. पण आम्ही तो हात कुठून आणायचा? आमच्यासाठी ती भट्टीच हात आहे."

म्हटलं, शिका.

"या वयात?"

मी घरची वाट धरली.

८ मार्च

ही दोन दिवस धड बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि भिंतीकडे बघते. आज विचारलं, काय बिनसलंय? भाऊ तुझा की माझा? त्याचा पुळका तुला जास्त!

"तुमचा आहे म्हणूनच गप्प बसलाय तो."

म्हणजे काय? तर म्हणे काही नाही.

मी खरं तेच सांगितलंय. खऱ्यानं कुणाचं नुकसान होत असेल तर तो खऱ्याचा दोष नाही. बारा तारखेला पुढच्या रांगेत बसणार. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.

१० मार्च

हिनं सांगितलं.

आज लिहीत नाही.

१२ मार्च

बाई वाचायला उभ्या राहिल्या, त्यांच्या आधी मी उठलो.

सांगितलं, ती दहा पाती केंद्राची आहेत. दोन वर्षांपूर्वी माझा माल परत यायला लागला. मला कुणी कळू दिलं नाही. तेव्हापासून बायको माझा गठ्ठा धारवाल्याआधी केंद्रात नेते आणि भाऊ प्रत्येक पात्याला नव्यानं पाणी देतो. गवती पिवळा मला आता दिसत नाही. केंद्र नसतं तर काय झालं असतं, विचारत होतात ना? माझा धंदा बसला असता. हे लिहा, बाई. माझ्या नावानिशी, आणि ठळक.

फीतकाप्यानं टाळी वाजवायला हात उचलले. म्हटलं, खाली ठेवा, तुमच्यासाठी नाही बोललो.

धाकटा मान खाली घालून बसला होता. भट्टी गेली असती, स्वतःचं काम गेलं असतं, तरी बोलला नसता, गाढव.

म्हटलं, वर बघ रे. पाणी तुझं आहे.